हातावर पाणी कोणी ओतावे

ता. ३ डिसेंबर, सोमवार

अशोकला फोन लावला. उचलला नाही. उसाच्या फडात असेल, हातात कोयता असल्यावर कसा उचलणार. तरी मन थाऱ्यावर नाही.

दिवाळी झाली आणि तो व सूनबाई कारखान्याच्या तोडीला गेले. प्रज्ञालाही नेलं. चौथीत आहे पोरगी. मी म्हणालो होतो, नातीला माझ्याजवळ राहू दे, शाळा बुडेल. तर म्हणाला, "दादा, तुमचा हात कापतोय. परवा चहा पायावर सांडून घेतला. लेकराकडं कोण बघणार?" खरं आहे. पण तिथं कोपीवर, पाचटाच्या झोपडीत तरी तिच्याकडं कोण बघतं?

मुकादमाची जीप या महिन्यात गावाकडं येणार आहे, उरलेली माणसं न्यायला. मागच्या फोनवर त्याला म्हणालो, तिच्यातून प्रज्ञाला पाठव. "तवा बघू." बघू म्हणजे हो की नाही, ते

ता. ५, बुधवार

शाळेच्या सरवदे बाई घरी आल्या. घाबरलो, वाटलं प्रज्ञाचं नाव पटावरून काढलं. तसं नव्हतं.

आईबाप तोडीला गेलेली लेकरं आज्यांजवळ आहेत, त्यांचा संध्याकाळचा वर्ग विहारात भरतो. बाईंना आता दुष्काळी चारा छावणीतली जनावरं मोजायचं काम लावलंय. म्हणाल्या, "बाबा, आरोग्याच्या सवयी चालू आहेत. हात कसे धुवावेत, पाणी कसं गाळावं, हे लेकरांनी दुसऱ्याला समजेल असं लिहायचं. तुम्ही दूध सोसायटीत सूचना लिहायचात ना? मग वर्ग घ्याल का?"

लिहायचो. शिपाई होतो, पण अक्षर बरं म्हणून फळा माझ्याकडं. आता सोसायटीला कुलूप आहे. गुरं छावणीत, दूध कुठलं.

हो म्हणून बसलो. माझी स्वतःची चौथी झाली तीही रडतखडत. एखादं चुकीचं शिकवलं तर गाव हसेल. पण अशोकच्या कानावर जाईल की दादा एवढी लेकरं सांभाळतोय. म्हणून हो म्हणालो, लपवायचं काय.

ता. ८, शनिवार

पहिल्या दिवशी मला येतं तसं फळ्यावर लिहून दिलं. लेकरांनी मन लावून उतरवलं. आज बाईंनी वाचून पाहिलं. "सर्व सभासदांना कळविण्यात येते की, जेवणापूर्वी हात स्वच्छ धुण्यात यावेत. कसूर झाल्यास दूध स्वीकारले जाणार नाही." प्रत्येकाच्या वहीत शेवटची ओळ तशीच. बाळूने खाली 'हुकुमावरून' पण घातलं.

बाई डोळ्याला पदर लावून हसल्या. मग माझा चेहरा बघून थांबल्या. म्हणाल्या, "बाबा, ही ताकीद झाली. हे वाचून माणसाला हात धुता आले पाहिजेत. आधी काय, मग काय."

चूक समजली. सोसायटीत कधी कोणाला कॅन कसा धुवायचा ते लिहिलं नाही. धुतला नाही तर काय होईल तेवढंच लिहिलं. उद्यापासून वर्गावर जाऊ नये असं वाटतं.

ता. ११, मंगळवार

गेलो. वर्गातली रोहिणी बोलवायला आली होती, नाही कसं म्हणणार.

पुस्तकात पहिलीच पायरी, नळ सोडा. बाळू शेजारच्याला म्हणाला, "नळ कुठाय बे? टँकरच्या मागं पळ, हे लिव पहिलं." सगळे हसले. मग मी म्हणालो, पुस्तक मिटा. घरी धुता तसं लिहा.

चांगलं लिहिलं. आजीने तांब्या धरावा. बारीक धार सोडावी. हात ओले झाले की धार थांबवावी. साबण चोळावा, बोटांच्या मधे पण. परत धार. खाली घमेलं ठेवावं, ते पाणी झाडाला. सगळ्यांच्या वहीत ओतायला आजीच.

रोहिणीने मान वर केली. "आबा, तुमच्या हातावर कोण ओततंय?"

"कोण न्हाई."

"मग तुमी हात धुतच न्हाई?"

लेकरं हसली, मीही हसलो. घरी येऊन बघितलं तर तिचं बरोबर आहे. एका हाताने तांब्या कलंडवायचा, दुसरा ओला करायचा, धोतराला पुसायचा. आमची ही गेल्यापासून सूनबाई ओतायची. प्रज्ञा ओतायची तेव्हा निम्मं पाणी माझ्या पायावर. रागावायचो तिला. टँकरचं पाणी म्हणून.

ता. १५, शनिवार

अशोकचा फोन आला. प्रज्ञाचं पोट बिघडलं होतं. दवाखान्यात नेलं, आता बरी आहे म्हणतो. म्हणालो, जीप येतेय, दे पाठवून.

"दादा, तुमालाच कुणीतरी बघाया पाहिजे. त्यात हिला कुठं?"

वर्गाचं सांगितलं, ते ऐकलं की नाही कळत नाही. मग पोरगी फोनवर आली. आवाज बारीक झालाय. हात धुतेस का विचारलं. म्हणाली, "साबण हाय आबा. ओतायला कोण असतंय? आई अंधारातच फडात जाती."

नंतर रेंज गेली. फोन तसाच कानाला धरून बसलो होतो.

ता. १९, बुधवार

रोज ओतायचा सराव करतो. हात कापतो, धार तुटते, पाणी वाया जातं म्हणून घमेल्यातलंच परत तांब्यात भरतो. काल रोहिणीच्या हातावर ओतलं तर अर्धं तिच्या फ्रॉकवर. ती म्हणाली, "आबा, तुमी उभं कावून ऱ्हाता? बसा की."

आज लेकरांनी आपसात ठरवून कागद लिहिला. वर नाव: आबांनी पाणी कसे ओतावे. "उंबऱ्यावर बसा. कोपरं गुडघ्यांवर टेका. तांब्या दोन्ही हातांनी धरा. निम्माच भरा. घाई करू नका, आम्ही थांबतो."

कागदात आहे तसं केलं. धार तुटली नाही.

बाई आल्या होत्या. म्हणाल्या, आता जमलं लेकरांना. त्यांनी त्यांच्या मोबाइलवर कागदाचा फोटो काढला, माझा ओतताना काढला, आणि दोन्ही अशोकला पाठवले. रात्री त्यांना विचारलं. अशोकने पाहिलेत म्हणाल्या.

फोटोत मी फार म्हातारा दिसतो. पाठवायला नको होता की काय.

ता. २२, शनिवार

जीप उद्या येणार. मुकादमाच्या भावाला पारावर गाठून विचारलं, आमची प्रज्ञा आहे का तिच्यात. "म्या कुठं मोजत बसू, म्हातारबा? आली तर दिसंलच."

अशोकला लावला. सूनबाईने उचलला. म्हणाली, "त्यांनी फोटो मला दावला. काय बोलले न्हाईत." मागून अशोकचा आवाज आला, कोणाशी तरी उसाच्या मोळ्यांवरून भांडत होता. फोन ठेवला गेला.

नाही आली तर नाही. वर्ग आहेच की. पण

ता. २३, रविवार

टँकर आला. माझ्या वाट्याचं पाणी गाळून घेतलं. प्रज्ञाच्या गोधड्या उन्हात टाकून परत घड्या घातल्या. नाही आली तर उगाच बाहेर दिसायला नकोत.

दिवस कलला. नांदूरघाटच्या रस्त्याला धूळ दिसते, पण ती शेळ्यांचीही असते या वेळेला. उंबऱ्यावर बसलोय. साबण काढून ठेवलाय. तांब्या निम्माच भरलाय.