उन्हात धरून बघा

मुरबाड, आषाढ
(तिथी लिहिली असती, पण कॅलेंडर काउंटरमागच्या भिंतीवर आहे आणि काउंटरवर सध्या टाकी आहे.)

ती. सौ. सुरेखावन्संना ललिताचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरत जा, भाऊजींना धरू नका, त्यांचे गुडघे तुमच्यापेक्षा जुने आहेत. आमच्याकडे सगळं ठीक. तुमच्या जांभळ्या साडीवरचा ब्लाउजपीस कल्याणच्या जीपवाल्याकडे देते आहे, त्याच्याच घडीत हे पत्र आहे. फोन केला असता, पण तुमचे बंधू दिवसभर दुकानात माझ्या शेजारी बसलेले असतात, आणि तुम्ही माझ्यावर केलेल्या आरोपाचं उत्तर त्यांच्या कानावर जायला नको.

आरोप तुम्हाला आठवत असेलच. तुम्ही म्हणालात, "रंग तूच सांगणार आणि काउंटरपण तुलाच पायजे, मग तुला हिरवाच दिसणार गो." वन्सं, मला ते लागलं. म्हणून सगळं मुळापासून लिहिते.

मुळाशी त्यांची दाढ आहे. ती काढायला ते तुमच्याकडे आले तेव्हा त्या दवाखान्यात समुद्राच्या पाण्याची टाकी होती आणि तिच्यात नारिंगी मासे होते (घरी येऊन मला त्यांनी 'मातकट' सांगितले, त्यांचं रंगांचं तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, लग्नानंतरची माझी पहिली हिरवी साडी त्यांनी चॉकलेटी समजून आणली होती). दाढ तिथे ठेवून ते हे खूळ डोक्यात घेऊन परतले. इन्व्हर्टर दुकानात, म्हणून टाकीही दुकानात, आणि माझं अर्धं काउंटर तिच्याखाली. मग कुरियरने दगड आले. मुरबाडात पैसे देऊन बाहेरगावाहून दगड मागवणारा हा पहिलाच माणूस असावा. खोकं उतरवताना कुरियरवाला म्हणाला, "काका, सांगायचं ना, आमी नुसते उचलून आणून दिले असते."

पण हे दगड वेगळे, वन्सं. पांढरे, हलके, भोकाभोकांचे आणि पार कोरडे. त्यांच्यात जीव नाही. तो आधी आणायचा आणि मगच मासे सोडायचे. म्हणजे जारवाल्याकडून शुद्ध पाणी आणायचं, त्यात पाकिटातलं खास मीठ विरघळवायचं, आणि मग त्या स्वच्छ पाण्यात मुद्दाम काहीतरी कुजवायचं. त्यांनी एक कोळंबी सोडली. आठवडाभर माझ्या मॅचिंग सेंटरला असा वास होता की देवकीमावशी अस्तराचं कापड घ्यायला आली आणि सुकट कशी दिली विचारून गेली. कुजलं की पाण्यात अमोनिया नावाचं विष होतं, आणि ते खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव दगडांच्या भोकांत वस्ती करतात. ते बाटलीत विकत मिळतात, आपण विरजण घालतो तसे घालायचे. या सगळ्याला म्हणतात टाकी सायकल होणे. (तुमच्या बंधूंनी हे स्टँडवर जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांना सांगितलं. आता रोज कोणीतरी सायकल कुठे आहे विचारतं.)

हे जीव वस्तीला आले की नाही, ते कळतं रंगावरून. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, बाटल्यांतले थेंब टाकायचे, हलवायचं. हिरवं झालं तर विष आहे, पिवळं राहिलं तर विष संपलं, मग मासे सोडायचे आणि ही रोजची तपासणी बंद. त्यांना हिरवं-पिवळं एकच, म्हणून रंग मी सांगायचा. आणि श्रावणाआधी पिवळा आला नाही तर टाकी विकायची आणि श्रावणाच्या गर्दीला माझं काउंटर मला मोकळं करून द्यायचं, असं ठरलेलं. रोज दुकान आवरलं की ते ट्यूब बंद करून टाकीचा निळा दिवा लावतात (छान दिसतं म्हणून), स्टूल ओढतात आणि विचारतात, "काय गो, आज कसा?" आणि मी सांगते, हिरवा. कधी पोपटी, कधी लिंबाच्या पानासारखा, पण हिरवा. खरंच हिरवा दिसायचा. मलाही नवल वाटायला लागलं होतं. नुसते दगड, पण त्यांच्यावर हल्ली तपकिरी साय धरली आहे, आणि त्या भोकांत कोण काय खातंय याचा विचार मी पोळ्या लाटताना करते.

तर ऐका. आज दुपारी बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं. सापगावची एक बाई मोरपंखी साडी घेऊन आली. मी तिच्या हातात पीस दिला आणि सवयीने म्हणाले, ट्यूबच्या उजेडात फसाल, बाहेर उन्हात धरून बघा. आणि माझी मलाच लाज वाटली. जन्मभर गिऱ्हाइकांना हेच सांगत आले, आणि स्वतः निळ्या दिव्याखाली पिवळा रंग बघत बसले होते. ती गेल्यावर (हे स्टँडवर चहाला गेले होते) मी ताजं पाणी घेतलं, थेंब टाकले आणि नळी पायरीवर उन्हात धरली. पिवळी. भिजवलेल्या चणाडाळीसारखी स्वच्छ पिवळी.

म्हणजे मी खोटं बोलले नव्हते, वन्सं, दिव्याने मला फसवलं. रात्री त्यांना सांगणार. काउंटर गेलं तर गेलं, पण तुमचे शब्द तेवढे मागे घ्या.

तुमची,
ललिता

ता.क. येत्या रविवारी याल तेव्हा तिथल्या दुकानातून दोन नारिंगी मासे आणा. पिशवी मांडीवर धरा, भाऊजींकडे देऊ नका.

ता.क. २. मासे आणू नका. पत्र मिटण्याआधी खात्रीसाठी नळी पुन्हा उन्हात धरली आणि घेऊन आत जात होते तेवढ्यात समोरच्या मेडिकलवाल्या रुपालीने हाक मारली. "काकी, पिवळीच हाय ना अजून? काका मागल्या आठवड्यात घेऊन आले होते, मी तवाच सांगितलं त्यांना." मागल्या आठवड्यात, वन्सं. त्यानंतर रोज मी हिरवा म्हणत होते आणि ते मान हलवत होते, श्रावण तोंडावर आलेला असताना. मी पायरीवरच बसले. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या मुक्कामी गाडीवर गेली, संध्याकाळी नवरा घरी असतो हे मला माहीतच नव्हतं. निवृत्त झाल्यावरही ते टीव्हीसमोर आणि मी फॉल शिवत. आम्ही दोघं एका स्टुलाशेजारी दुसरं स्टूल ठेवून बसलो ते या टाकीपायी. मला रडू आलं, ते रुपालीला दिसू नये म्हणून मी ऊन डोळ्यांत गेल्याचं सांगितलं.

ता.क. ३. रविवारी येताना फक्त त्या थेंबांच्या बाटल्या आणा, आमच्या संपत आल्या आणि श्रावणातही लागतील. आणि तुमचे शब्द मागे घेऊ नका, राहू द्या. काल त्यांनी विचारलं, "काय गो, आज कसा?" मी नळी निळ्या दिव्याखाली नीट धरली आणि म्हटलं, हिरवा. ते म्हणाले, "नाय तर नाय. उद्या बघू."