मिक्सरपाशी चप्पल

संत तुकाराम नगर, पिंपरी
६ जानेवारी २०२५

चि. साक्षीस अ. आ.

फोनवर तू चिडतेस, मी ओरडतो, म्हणून ही चिठ्ठी. शेजारची दिव्या चाकणला तुझ्याच कंपनीत येते, तिच्या हाती देतोय. आईला ओव्हन पाठवलास, छान केलंस. पण स्वयंपाकघरात पॉइंट एकच, त्यावर तो जुना स्टीलचा मिक्सर. रविवारी त्या पॉइंटमधूनच वायर ओढून दोन नवे पॉइंट काढतो. तू म्हणतेस इलेक्ट्रिशियन बोलवा. अगं, भोसरीत तीस वर्षं मेंटेनन्स केला मी! या घराची वायर न् वायर माझ्या हातची, एक्क्याण्णवची. इंजिनिअर झालीस म्हणून बापाला शिकवू नकोस.

आई मजेत. फक्त मिक्सरपाशी जाताना चप्पल घालते, फरशी गार लागते म्हणे.

राग सोड, माया ठेव.
तुझा बाबा, भिवा

चाकण
८ जानेवारी

ती. बाबांस सप्रेम जय भीम.

लहानपणी मी चप्पल घालून स्वयंपाकघरात पाऊल टाकलं की आई लाटणं घेऊन मागे लागायची. ती आता चप्पल घालते? आणि फरशी फक्त मिक्सरपाशीच गार असते का हो? तिला विचारा, हाताला मुंग्या येतात का. मला खरंच भीती वाटतेय. मेन बंद करून अर्थिंगची वायर कुठवर जाते तेही बघा.

त्या जुन्या पॉइंटवर ओव्हन मुळीच नको. बारीक वायर भिंतीत तापेल. ओव्हनला बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी, आणि करंट गळाला की आपोआप पडणारा स्विच.

खुशाल रागवा, पण उत्तर पाठवा.
तुमची साक्षी

पिंपरी
१० जानेवारी

चि. साक्षीस अ. आ.

विचारलं. आधी नाही नाही केलं, मग म्हणाली, सहा वर्षं मुंग्या येतायत. बोलली का नाहीस म्हटलं, तर तुमच्या हातचं काम, तुमच्या मनाला लागलं असतं म्हणे.

मेन बंद करून वायरीच्या मागे मागे गेलो. तेव्हा मी अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला बांधलं होतं, बरेच जण बांधायचे. सहा वर्षांपूर्वी गळती लागली म्हणून पाइप प्लॅस्टिकचा टाकला. प्लंबरला बॅटरी धरून मीच उभा होतो! वायर त्या प्लॅस्टिकला गुंडाळलेली, वर झकास गाठ, आणि गळलेला करंट जमिनीत जायला वाटच नाही. ओट्याखालीच बसून राहिलो. फार लाज वाटली गं.

आता स्वयंपाकघराची लाइन बंद. बोर्डाच्या पेटीला कुलूप, वर कंपनीतली माझी जुनी पाटी, काम चालू आहे, हात लावू नये. ज्याचं कुलूप त्यानेच उघडायचं, हा नियम तुला ठाऊक आहे. तरी किल्ली सोबत पाठवतोय. रविवारी लायसनवाला माणूस घेऊन ये. शिडी मी धरीन.

वाट बघतोय.
बाबा

पिंपरी
१३ जानेवारी

चि. साक्षीस आईचे आशीर्वाद.

काल तू आणलेल्या लायसनवाल्याने मीटर लावून सगळं ठीक सांगितलं आणि तू शिफ्टला पळालीस. काम तर तुझ्यासमोरच झालं. तीन नवे पॉइंट झाले, मिक्सरची आतली वायर बदलली, कढीपत्त्याशेजारी अर्थिंगचा खड्डा झाला. तो ओला राहावा म्हणून त्यात पाणी घालायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय, कढीपत्त्याची चैन आहे.

तू गेल्यावर काय झालं ते ऐक. मी चटणी वाटायला निघाले तर मला दारात थांबवलं. आधी स्वतः अनवाणी गेले, रिकामा मिक्सर लावला आणि त्यावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. मग म्हणाले, चप्पल बाहेर काढून ये, गिरजा.

चटणी डब्यात ठेवलीय. किल्ली परत पाठवू नकोस, ती आता तुझ्याकडेच राहू दे म्हणालेत.

जेवून घे, बाळा.
तुझी आई