पुढच्या उंदरामागे

४ फेब्रुवारी
परत चुकला! माझा उंदीर. मेंदू शिकायला मॅडमनी फोनवर खेळ दिलाय – भुलभुलैया. एकेका मजल्यावर मेंदूचा एकेक भाग. नर्सिंगच्या बाकी पोरी कुठल्या कुठे पोचल्या, मी हिप्पोकॅम्पसच्या मजल्यावर अडकलेय. भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवून उंदराला घरी न्यायचं. मेंदूच्या याच भागात वाटांचा नकाशा तयार होतो म्हणे. माझ्या डोक्यात नुसता भुसा!

६ फेब्रुवारी
युक्ती सापडली! खेळात दुसरेही उंदीर पळतात. पुढच्याच्या मागे मागे गेलं की आपोआप घर येतं. खुणाबिणा गेल्या उडत.

७ फेब्रुवारी
मॅडमनी पकडलं. "पोचलीस खरी अंकिता, पण वाट तुला ठाऊक होती का?" सगळ्या फिदीफिदी हसल्या. आता पहिल्यापासून खेळा!

१२ फेब्रुवारी
गावाहून आप्पा येऊन गेले. लेकीसाठी शेंगाची चटणी, कडक भाकरी. स्टँडपासून माझी खोली सरळ रस्त्यावर, तरी अख्खी दुपार घालवली. "दुकानं बदलल्यात गं समदी." काही बदललेलं नाही! तंबाखू आणायला खाली उतरले ते परतताना भलत्याच जिन्यात शिरले. शेजारच्या सावित्रम्मांनी हाताला धरून आणून सोडलं.

मग त्यांना खेळ दाखवला. दोन वळणं घेतली आणि हसायलाच लागले. "उंदराला घर घावंना व्हय? मेंढरामागनं जा म्हण की त्याला!" मीही हसले. पण त्यांना स्टँडवर एकटं सोडवेना, बसमध्ये बसवूनच आले.

१३ फेब्रुवारी
वाचनात लक्ष नाही. आईला फोन केला. आप्पा माळावर वाट चुकतात का गं? "न्हाय. दिस बुडायला मेंढरं घेऊन घरात असत्यात की." हे 'न्हाय' जरा उशिरा आलं. पण झालं तर मग! एवढं माळरान तुडवून बिनचूक घरी येणाऱ्या माणसाचा हिप्पोकॅम्पस ठणठणीतच असणार. शहरात गोंधळतात, थकलेत, एवढंच. या वयात उन्हातान्हात कशाला हिंडायचं? मेंढरं विकून टाकायची. ठरलं!

२ मार्च
आईशी कडाक्याचं भांडण. "राहू दे की बाई मेंढरं." का? "त्यास्नी करमायचं न्हाय." हे काय कारण झालं! शेवटी मीच वळसंगच्या महादेवप्पांना फोन लावला. पुढे चालणाऱ्या घंटीच्या शेळीसकट सगळा कळप घेतो म्हणाले. बरोबर केलं ना मी? केलं!

९ मार्च
हिप्पोकॅम्पस पार! कुणाच्याही मागे न जाता!! मॅडमनी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. उद्या सकाळी महादेवप्पांचा गडी कळप न्यायला येणार. आता आप्पांना आराम.

१० मार्च
आप्पा घरात नाहीत. कळप गेला, आई पाणी आणायला गेली, आली तर अंगण रिकामं. विहिरीवर नाहीत, देवळात नाहीत. फोनवर ढसाढसा रडत होती. आणि मग तोंडातून निघालं – "वरीस झालं गं, त्यास्नी वाट कळत न्हाय. मेंढरंच आणत्यात त्यास्नी घरला. ह्ये नुसतं मागनं चालत्यात."

मला का नाही सांगितलंस? "तू शिक्षान सोडून आली असतीस की."

बसमध्ये बसूनच लिहितेय. सुटत का नाही ही! कंडक्टर चहा पितोय. इतकं शिकले आणि एवढं कळलं नाही मला.

११ मार्च
महादेवप्पांचा फोन आला. "आप्पा हितंच हायत पोरी. काल मेंढरांच्या मागनं चालत आले. मला वाटलं, पोचवायला आले आसतील. पर आता उठतच न्हाईत. म्हणत्यात – घरी आलोय की, आता कुटं जाऊ?"