कुसाबाईंच्या कार्डावरचा लाल शेरा

प्रति,
मा. रक्तकेंद्र प्रमुख,
गंगाघाट धर्मादाय रुग्णालय, नाशिक.

विषय : पत्नीच्या रक्तकार्डावरील खोडलेला लाल शेरा ऑपरेशनपूर्वी पुन्हा लिहून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपला अहवाल, दि. १२ मार्च २०२४ – ‘अँटीबॉडी आढळली’.
२) आपलाच अहवाल, दि. २ जून २०२५ – ‘आढळली नाही’.

महोदय,

अर्जदार झुंबर देवराम गांगुर्डे याने सिन्नरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे कामगारांची हजेरी लिहिली. कोण आला, कोण नाही, एवढेच त्याला कळते. हा अर्ज तेवढ्यावरच आहे.

१. मागील साली मांडीचे हाड मोडल्याने अर्जदाराची पत्नी कुसाबाई हिला दोन पिशव्या रक्त चढवले. गट जुळला होता. आठव्या दिवशी डोळे पिवळे, लघवी काळ्या चहासारखी, आणि चढवलेले रक्त गेले कुठे ते कोणाला सांगता येईना. वॉर्डात कावीळ ठरली व उसाचा रस सुचवण्यात आला. अखेर आपल्याच केंद्राने शोधले, की तीस वर्षांपूर्वी बाळंतपणात घेतलेल्या रक्तामुळे तिच्या अंगात रक्तपेशींवरच्या ‘किड्ड-ए’ नावाच्या घटकाविरुद्ध अँटीबॉडी तयार झाली होती. पुढे ती इतकी विरळ झाली, की रक्त चढवण्यापूर्वीच्या तपासणीत दिसलीच नाही. आणि नको ते रक्त अंगात येताच उठून त्याच्या पेशी फोडायच्या कामाला लागली; त्याचा मार मूत्रपिंडावर बसतो, असे आपल्याच केंद्राने सांगितले. तेव्हा कार्डावर लाल शाईने शेरा पडला : ‘किड्ड-ए नसलेलेच रक्त द्यावे.’

२. आता त्याच पायाचे ऑपरेशन २४ जूनला आहे. नव्या तपासणीत अँटीबॉडी पुन्हा दिसली नाही. त्यावरून आपले लिपिक श्री. महेश यांनी नव्या कार्डावर ‘निरंक’ लिहिले व जुन्यावर आडवी रेघ मारली. विचारले तर म्हणाले, “काका, रिपोर्टला नाही ते मी कार्डाला कसं ठेवू? ऑडिटवाले मला धरतील.” अर्जदार हटेना, तेव्हा त्यांनी तोडगाही काढला : “नेहमीचं रक्त चढवून बघू. आली, तर लगेच लाल शाईने घेतो.” हे घरी सांगितल्यावर कुसाबाई म्हणाली, “आधी त्यालाच चढवा म्हनावं. लाल शाई मी देते.”

३. हजेरीपुस्तकात गैरहजर माणसापुढे ‘गै’ लिहितात, नाव खोडत नाहीत. अर्जदाराच्या कारखान्यातला काळू दरसाल भातलावणीला इगतपुरीकडे जाई तो दोन-दोन महिने उगवत नसे. त्याचे नाव खोडले असते, तर परत येऊन त्याने गेटवर राडा केला असता. इथे गेट म्हणजे कुसाबाईचे मूत्रपिंड आहे.

४. हे समक्ष सांगण्यास अर्जदार चार वेळा आला. चारही वेळा आपण खुर्चीत आढळला नाहीत. तरी ‘या केंद्रास प्रमुख नाहीत’ असे अर्जदाराने कोठेही लिहिलेले नाही. हा अर्ज आपल्याच नावे आहे. कुसाबाईच्या अँटीबॉडीलाही तेवढीच सवलत २४ तारखेपूर्वी द्यावी, ही विनंती.

आपला नम्र व पाचव्यांदा येणारा,
झुंबर देवराम गांगुर्डे
नाशिक, दि. ९ जून २०२५

सोबत : १) दोन्ही अहवालांच्या झेरॉक्स.
२) रेघ मारलेले जुने कार्ड.
३) लाल शाईचे पेन, एक (कुसाबाईकडून).