बाबांचा निळा कोट

डिचोली, शुक्रवार

प्रिय सुविधाताई,

दोनदा कच्चं लिहिलं, हे पक्कं. दुकानात सध्या पेडण्याच्या एका हॉटेलचं काम आहे. न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या बारा जुन्या फोटोंना फ्रेमा करायच्या आहेत. मूळ फोटो दीडशे वर्षांपूर्वीचे. खांद्यावर जाड विणलेली शाल, केसांत पिसं, बायकांच्या हनुवटीवर गोंदण. काचा पुसताना दिसलं, की तीन फोटोंत शाल एकच आहे. एक म्हातारा, एक तरुण, एक बाई. पण डाव्या कोपऱ्यातला तोच गोंडा तुटलेला. मी पट्टी लावून खात्री केली. हॉटेलच्या मालकीणबाईंना भीत भीत विचारलं. त्या म्हणाल्या, तेव्हाचे काही फोटोवाले अशी वस्त्रं स्टुडिओतच ठेवत आणि येईल त्याच्या अंगावर घालत. त्या बाईच्या फोटोखाली तर नावही नाही.

आमच्या कॉम्प्युटरातही असा एक कोट आहे. निळा, लाल टायचा. लोक मयताचं आधारकार्ड आणतात, मी चेहरा कापून त्या कोटावर बसवतो. दुकानाचे मालक यशवंतकाका म्हणतात, "जितो आसताना घालूक मेळलो नाय, आता तरी घालूं दी रे!" लाटंबार्शात आपल्या वाड्यावर तो कोट चार घरांत आहे. आपलं धरून.

बाबांच्या बाराव्याला तू त्या फोटोतल्या माणसाकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर विचारलंस, "हो कोण?" मी उलट बोललो, की फोंड्याला दिल्यापासून तुला बापही ओळखेना झाला. तू न जेवता गेलीस. त्यानंतर मी फोन केला नाही.

तू बरोबर विचारलं होतंस. बाबांची मान बारीक, कोटाची जाड. मधली जागा मीच भरून काढली. ती मान बाबांची नाही. तुझ्याकडे त्यांचा काजूच्या बागेतला फोटो आहे, उघडं अंग, कमरेला पंचा, बोटं चिकाने काळी झालेली. तो मला तेव्हाही आठवत होता. पाहुणे काय म्हणतील म्हणून मी मागितला नाही.

येत्या बुधवारी बाबांचं वर्षश्राद्ध आहे. कोटाचा फोटो मी काल उतरवला. आठ बाय दहाची फ्रेम तयार आहे, खिळा तोच ठेवलाय. बागेतला फोटो घेऊन ये. सापडला नाही तरी ये, आणि या खेपेला जेवून जा.

तुझाच धाकटा,
गौरेश