अलाऊ म्हणजे काय ते कळव

महाराजपूर, जबलपूर
ता. ७ जानेवारी २०२५

चि. मैत्रेयीस,
शकुआजीचे अ. उ. आ.

फोनवर मला आता नुसती भुणभुण ऐकू येते, आणि तुझी आई शेजारी उभी राहून निम्मंच ओरडून सांगते. म्हणून हे पत्र. इटारसीला थंडी फार असेल. इंजिनाची खिडकी लावून बसत जा.

रविवारी सदर बाजारातून गौरांगची आई ज्योतीबाई आल्या होत्या, तुमच्या लग्नाची बोलणी करायला. समोर खोव्याची जलेबी ठेवली. एक उचलली, अर्धी चावली आणि उरलेली परत ताटात, बाकीच्यांच्या उरावर. मला तिथेच शिसारी आली. पण बोलणं त्याहून वाईट. मुलीची रेल्वेची नोकरी आम्हाला अलाऊ आहे म्हणाल्या. जीन्स अलाऊ आहे, दिवाळीला माहेर अलाऊ आहे. दर अलाऊला तुझा बाप हात जोडत होता आणि तुझी आई विभावरी आणखी एक जलेबी वाढत होती. माझ्या चंद्रशेखरला फॅक्टरीत बढती मिळाली तेव्हाही तो एवढा वाकला नव्हता.

मी चौथी शिकलेली, हा शब्द माझ्या ओळखीचा नाही. चंद्रशेखरला विचारलं तर म्हणे, ते लोक मॉडर्न आहेत असा अर्थ होतो. विभावरी म्हणाली, मन मोठं असलं की माणसं असं बोलतात. दोघांच्या तोंडावर जे तूप पसरलं होतं, ते पाहून मला त्यांचा अर्थ पटला नाही. तू शिकलेली आहेस, नीट लिही. अर्थ लिही, आणि कोण कोणाला कधी म्हणतं तेही लिही.

माझी माया आहे ती आहे, तुझी पत्रातून दिसू दे.
तुझी आजी

---

इटारसी
ता. १६ जानेवारी २०२५

ती. आजीस,
मैत्रेयीचा सा. न. वि. वि.

माझं मराठी वाचून हसशील, तर हस. शिकवणीची फी म्हणून लिंबाचं लोणचं पाठवून दे.

अलाऊ करणं म्हणजे करू देणं, परवानगी देणं. वापर असा. आमच्या इंजिनात ड्यूटीवाल्यांशिवाय कोणी अलाऊड नाही. शाळेत मुलांना मोबाइल अलाऊ नसतो. होस्टेलमध्ये उशिरा बाहेर राहणं आम्हाला अलाऊ नव्हतं. म्हणजे चावी ज्याच्याकडे असते, तो हा शब्द बोलतो. खालचा माणूस वरच्याला हा शब्द कधी म्हणत नाही.

आता तू चिडशील ते लिहिते. ज्योतीकाकूंनी गौरांगजवळ निरोप दिला की लग्नानंतर नाइट ड्यूटी अलाऊ नाही, ऑफिसात टेबलावरचं काम मागून घे. मी आत्ता असिस्टंट ड्रायव्हर आहे. रात्रीच्या गाड्या सोडल्या तर पूर्ण ड्रायव्हर मी कधीच होणार नाही. गौरांग म्हणतो, मम्मीला प्यार से विचार, हळूहळू ती अलाऊ करेल. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, मी त्यांना आधीच हो म्हणून दिलं.

गौरांग मला आवडतो, आजी. इंजिन पण आवडतं. एकदा साक्षगंध होऊन अंगठी घातली की मग माघार घेता येणार नाही. बाबा तुझं ऐकतात. मी या लग्नाला नाही म्हणू का? तू हो म्हटलंस तरच म्हणेन.

तब्येत सांभाळ, आणि माझ्यावरचा लोभ असाच ठेव.
तुझी मैत्रेयी

---

महाराजपूर, जबलपूर
ता. २४ जानेवारी २०२५

चि. मैत्रेयीस,
आजीचे अ. उ. आ.

अर्थ कळला. वापर तर तुझ्या पत्राच्या शेवटी चांगलाच कळला. ती चावलेली जलेबी पाहून आली नव्हती, एवढी किळस मला तुझी शेवटची ओळ वाचून आली. अख्खी मालगाडी ओढणारी पोरगी, अन् विचारून काय राहिली तर आजी, मी नाही म्हणू का.

शब्द मिळाल्यापासून मी कान लावून बसले आहे. सदरला मिलिटरीच्या गेटावर शिपाई ऑटोवाल्याला हेच म्हणाला. ऑटोवाला मुकाट वळला. बँकेतली बाई मला म्हणाली की जेवणाच्या सुट्टीत आत बसणं अलाऊ नाही. मी बसून राहिले. मग तीच डबा घेऊन दुसरीकडे गेली. आपल्या घरात तुझ्या आईला नागपूरला बहिणीकडे जायचं असलं की आठवडाभर ती चंद्रशेखरचा चेहरा पाहून राहते. तुझ्या आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांचं काही अडलं नाही.

चंद्रशेखरला मी विचारलं, काहून रे, पोरीला न विचारता हो कसा म्हणून आलास. तो म्हणाला, चांगलं घर हातचं जाईल. मी त्याच्या पुढ्यातून माझं ताट उचललं आणि आत जाऊन जेवले.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही. मी नाही म्हण लिहिलं, तर ज्योतीबाईंना उठवून त्यांच्या खुर्चीत मी बसले एवढंच होईल. हो म्हण असंही लिहिणार नाही. तो आवडतो, तर तू बघ. इंजिन आवडतं, तर तेही तूच बघ. मला विचारायचं तर लोणच्यात मीठ किती ते विचार.

राग आला तरी जेवत जा. आशीर्वाद न मागता मिळतील.
तुझी आजी

---

इटारसी
ता. २ फेब्रुवारी २०२५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

विचारत नाही, कळवते. गौरांग परवा इथे आला होता. त्याला म्हटलं की ड्यूटी मी सोडणार नाही, आणि मम्मीला विचारणार पण नाही. तू काय म्हणतोस ते सांग. त्यानं कपातला चहा संपवला. मग म्हणाला, मम्मीशी बोलून सांगतो. तेव्हा मीच सांगून दिलं की लग्न करायचं नाही.

बाबांना पण सांगितलं. त्यांनी फोन कापला. नंतर मी खूप रडले, ते पण लिहून ठेवते. आज खंडव्याची मालगाडी आहे.

लोभ असू दे. जमलं तर आईला जवळ घे.
तुझी मैत्रेयी

---

महाराजपूर, जबलपूर
ता. १० फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रेयीस,
आजीचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. रडलीस ते बरं केलंस. घरात सध्या मयत झाल्यासारखी तोंडं आहेत. मला पाहवत नाहीत, मी अंगणात बसते.

काल ज्योतीबाई आल्या होत्या. साक्षगंधाची साडी त्यांनी ब्लाउज शिवायला म्हणून आधीच पाठवली होती, ती परत न्यायला. विभावरीनं दिली, तर त्यांनी आपल्या घरच्या दिवाणावर अख्खी उलगडून वीत वीत मोजली आणि ब्लाउजपीस कापल्याचं बोलून दाखवलं. मी आतून शिवलेला ब्लाउज आणून वर ठेवला. तोही पिशवीत घातला त्यांनी. कोणाला घालणार आहेत कोण जाणे.

जाताना दारात उभ्या राहून म्हणाल्या की पोरीनं असं करण्याआधी घरातल्या एखाद्या मोठ्याला एकदा विचारायला हवं होतं. तुझ्या बापानं मान खाली घातली. त्या माझ्याकडे पाहून राहिल्या, मी माफी मागेन म्हणून.

मी म्हटलं, नाही विचारलं तिनं. आणि त्यांचा उष्टा कप उचलून मोरीत नेला.

लोणचं पाठवते आहे. उन्हाळ्यात ये, आणि मनात जागा ठेव.
तुझी आजी