आखणीचा दोरा

मंगळवार, ४ जून
आज सकाळी देवाला हात जोडले आणि टेप घेऊन खोली मोजली. आमच्या लेकीच्या, ठकीच्या पलंगाशेजारी आणखी एकच पलंग मावतो. बहीण आणि मेहुणे अपघातात गेले, त्यांच्या दोन्ही मुली इथे आहेत. थोरली आमच्याकडे राहणार, धाकटीला तिचे काका रविवारी नेणार. मीच कबूल झालोय!
बायको म्हणाली, "अहो, नक्की कुठे मावत नाही? खोलीत?"
टेप गुंडाळून खिशात टाकला.

बुधवार, ५ जून
खरी काळजी ठकीची. एकुलती एक. सगळे म्हणतात, पाठीला कोणी नाही, जरा काही झालं की कोलमडेल. आज त्या दोघींनी तिला खेळात घेतलं नाही. ही माझ्या सुतारकामाच्या टेबलाखाली भुशात बसून रडली. थोड्या वेळाने आपणहून बाहेर!
"कोणी समजूत काढली गं?"
"मीच. दुसरं कोण असतं तिथे?"
नाक पुसलं आणि परत खेळायला गेलीसुद्धा.

शुक्रवार, ७ जून
पलंगाच्या फळ्या कापायच्या, तर फळीवर सरळ रेघ मारायचा आखणीचा दोरा सापडेना. बरंच झालं — हातही चालत नव्हता.

शनिवार, ८ जून
दोरा सापडला. थोरलीने अंथरुणाच्या मधोमध ताणून बांधलेला! अलीकडे ही, पलीकडे धाकटी. दोघी जाग्या, हात अंगाशी घट्ट.
"हे काय चाललंय?"
"हिला एकटं झोपायची सवय लावतेय, मामा. काल एक गाणं संपेपर्यंत मला न धरता राहिली. आज दोन."
धाकटी मुठी आवळून म्हणाली, "रडले नाही मी. विचारा हिला!"
देवा, एवढ्याशा जिवात हे बळ तू कधी ठेवलंस? एकटीला दिलंस, दोघींनाही दिलंस. मी आपला उगाच हिशेब करत बसलो, कोण टिकेल आणि कोण मोडेल!
बाहेर आलो तर ठकी दारात. "बाबा, तिला एकटं राहायला मी शिकवू? मला येतं."
मान वर करून तिच्याकडे पाहवेना. बळ आहे म्हणून पोरींनी ते खर्चच करायचं का?

रविवार, ९ जून
सकाळीच काकांना फोन केला — येऊ नका, दोघी इथेच राहतील. मग ठकीचा पलंग सुटा केला, त्याच दोऱ्याने आखून भिंतीपासून भिंतीपर्यंत तिघींना झोपायला एकच बाक ठोकला.
मधे फळी घातली नाही.